मेलेला गडी उठवायचा की बसवायचा?

आमच्या नायगावकडं हुतूतूच्या मैदानावरची भांडणं दोन प्रकारची. पहिलं, हात लागला की नाही. ते पाच मिनिटांत मिटतं. दोघं आईची शपथ घेतात, तिसरा हसतो आणि चढाई पुढं चालू होते. दुसरं भांडण मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे: मेलेला गडी उठवायचा की बसवायचा? गडी मेला म्हणजे बाद झाला, रेषेबाहेर जाऊन बसला. आपल्या पोरांनी समोरचा एक मारला तर हा उठून पुन्हा आत येणार, की सगळा संघ मरेपर्यंत मांडी घालून बसून राहणार? शाळेत पीटी शिकवण्यात आणि जिल्हाभर पंचगिरी करण्यात माझी नोकरी गेली. या एका प्रश्नावरून सख्खे चुलतभाऊ एकमेकांच्या लग्नाला न गेलेले मी पाहिलेत.

नियमांच्या पुस्तकात या खेळाचे तीन प्रकार सांगतात. संजीवनीत समोरचा एक मेला की आपला एक जिवंत होतो. गामिनीत मेलेला उठत नाही. पूर्ण संघ मेला, लोण चढला, की मगच नवा डाव मांडतात. अमरमध्ये गडी मरतच नाही. गुण समोरच्याच्या खात्यात जातो आणि गडी आपल्या जागेवर उभाच. आज जिल्हा स्पर्धेपासून आशियाई स्पर्धेपर्यंत जिथं पंचाची शिट्टी वाजते तिथं संजीवनीच चालते. पण संजीवनी काही मातीतून आपोआप उगवलेली नाही. ती ठरवून आणलेली आहे, आणि आमच्या भागात तर ती फार उशिरा आली.

माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, निजामाच्या राज्यात हुतूतू खेळले. तेव्हा नायगाव बिलोली तालुक्यातलं बाजाराचं गाव. काळ्या रानात हा खेळ होत नाही. उन्हाळ्यात भेगांत पाय अडकतो, पावसाळ्यात ढोपरापर्यंत रुततो. म्हणून खेळ गावठाणातल्या पांढरीत. ज्वारीची काढणी उरकली, कडब्याच्या गंजी लागल्या, की चांदण्या रात्री पोरं जमायची. चुलीतल्या राखेनं मधली रेघ ओढायची. दोन म्होरके एकेक गडी मागून घ्यायचे. सात-सात जमले तर सात, नऊ जमले तर नऊ. आणि मेला तो मेला. या प्रकाराला गामिनी म्हणतात हे आबांना जन्मभर ठाऊक नव्हतं. त्यांच्या लेखी हुतूतू म्हणजे हीच.

गामिनीची खरी गंमत शेवटच्या गड्यात. सहा मेलेत, एकटा उरलाय, समोर पाच उभे. तो दम घेऊन जातो तेव्हा रेषेबाहेर बसलेले त्याचे सहाही जण श्वास रोखतात, कारण त्याच्यानंतर कुणी नाही. तो एकाला हात लावून परत आला तरी बसलेल्यांपैकी कुणी उठत नाही. फक्त समोरचे चार उरतात. मग ते चौघं त्याच्याकडं एकेक करून येतात आणि तो मागच्या रेघेला टेकून, अंग चोरून, कुणाच्याही हाताला न लागता वेळ काढतो. आबांच्या गोष्टींत असे एकट्यानं डाव फिरवणारे गडी हमखास असायचे. अशा गड्याचं नाव पाच कोसांवर जायचं. देगलूरच्या बाजारात त्याला लोक ओळखून चहा पाजायचे.

आबांच्याच बरोबरीचे एक म्हातारे शेजारी राहायचे. त्यांना मी एकदा त्या रात्रींबद्दल विचारलं. ते म्हणाले, "तुझा आबा खेळायचा. आम्ही बसायचो. बसून बसूनच म्हातारे झालोत बघ." गामिनीची दुसरी बाजू या उत्तरात आहे. अंगानं किरकोळ गडी पहिल्या दोन चढायांत मरायचा आणि लोण होईपर्यंत गार मातीवर बसून राहायचा. एकेक लोण व्हायला बराच वेळ जायचा. पाच लोणांचा खेळ ठरलेला असला तर पहिल्यांदा मरणाऱ्यानं सबंध रात्रीत मिळून किती चढाया केल्या, ते एका हाताच्या बोटांवर मोजता यायचं.

आता त्याच काळात पश्चिमेकडं काय चाललं होतं ते पाहू. १९१८ च्या सुमारास साताऱ्यात काही मंडळींनी या खेळाला नियमांत बसवायला सुरुवात केली. १९२३ साली बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानं नियम छापले आणि त्या नियमांवर स्पर्धा भरवल्या. पुढं १९३४ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळानं नियमांची घडी नव्यानं घातली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानं हा खेळ जर्मनांना करून दाखवला. १९५० मध्ये अखिल भारतीय कबड्डी महासंघ उभा राहिला, १९५२ पासून पुरुषांच्या आणि १९५५ पासून महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या.

या सगळ्या मंडळींपुढं एक अडचण होती, जी पांढरीवर खेळणाऱ्या आबांपुढं कधीच नव्हती: वेळ. स्पर्धा म्हणजे एका दिवसात आठ-दहा सामने, एकाच मैदानावर. गामिनीचा सामना कधी संपेल हे कोण सांगणार? दोन तुल्यबळ संघ असले तर पाच लोण व्हायला दिवस मावळेल. पुढच्या सामन्याचे गडी अंग गरम करून ताटकळणार, तिकीट काढून आलेला माणूस उठून घरी जाणार. उपाय एकच, घड्याळ लावायचं आणि गुण मोजायचे. पण घड्याळ लावून गामिनी खेळलं तर आणखी विचका होतो. पहिल्या दहा मिनिटांत चार गडी मेले की उरलेला वेळ तीन विरुद्ध सात असा एकतर्फी खेळ पाहायचा. म्हणून घड्याळासोबत संजीवनी आली. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटं विश्रांती, सात गडी मैदानात, आणि मेलेला उठणार. लोण झाला तर दोन गुण जास्तीचे, पण खेळ थांबत नाही. सगळा संघ उठून पुन्हा उभा. माझ्या मते संजीवनी मनगटावरच्या घड्याळासोबत आली. दयामायेशी तिचा फार संबंध नव्हता.

हे सगळं घडत असताना आम्ही मात्र सरहद्दीच्या पलीकडं होतो. सातारा आणि बडोद्याची छापील पुस्तकं हैदराबाद संस्थानातल्या खेड्यात कोण आणणार? १७ सप्टेंबर १९४८ ला निजामी गेली, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० ला महाराष्ट्र झाला. त्यानंतर कुठं शाळाशाळांत पीटीचे मास्तर नेमले गेले, आणि त्यांच्या पिशवीत चुन्याची पुडी, शिट्टी आणि नियमांची पुस्तिका आली. पूर्वेला तेलुगू मुलूख लागूनच. तिकडची पोरं हुतूतू न म्हणता चेडुगुडु म्हणत दम घ्यायची. बिलोली-देगलूरच्या सीमेवरच्या गावांत सामना झाला की एका बाजूचा गडी एक म्हणत यायचा, दुसऱ्या बाजूचा दुसरंच. त्यावर कधी भांडण झालं नाही. भांडण व्हायचं ते उठवण्या-बसवण्यावर.

मी अमरावतीला शारीरिक शिक्षणाचं शिकून परत आलो तेव्हा शाळेच्या मैदानावर पहिल्यांदा १३ मीटर लांब, १० मीटर रुंद असं मैदान चुन्यानं आखलं. संध्याकाळी गावातली जाणती मंडळी बघायला आली. आठवीतला एक पोरगा बाद होऊन बसला, दोन चढायांनंतर उठून आत आला. एका आजोबांनी तिथूनच हाक मारली, "ओ सर, त्यो मघाशी मेला की! मेलेलं माणूस कसं उठायलंय?" मी म्हणालो, "आपल्या पोरांनी समोरचा एक मारला ना, म्हणून उठला." ते म्हणाले, "मग मरायची भीती कोणाला राहायलीय? असं असंल तर मीबी खेळतो उद्यापासून." सगळे हसले. पण त्यांच्या बोलण्यातला मुद्दा मला नंतर वर्षानुवर्षं पुरला.

मुद्दा असा, की नियम बदलला की गडीही बदलतो. गामिनीत चांगला चढाईवाला मेला तर लोण होईपर्यंत गेला. म्हणून त्याला जपायचं, उगाच चढाईला पाठवायचं नाही. पहिल्या चढायांना दुय्यम गडी पाठवायचे, समोरचे दोन-तीन मेले की मग हुकमी गडी काढायचा. समोरचे तर त्याच्याच मागं लागलेले. खेळ सावध, संथ, डोकं लावून. संजीवनीत उलट. चढाईवाला पकडला गेला तरी पुढच्या एका पकडीत तो परत येतो, म्हणून तो बेधडक आत घुसतो, कोपऱ्यातल्या गड्याच्या पायाशी जातो, मध्यरक्षकाच्या अंगावरून उडी मारतो. आज टीव्हीवर जी कबड्डी लोकांना वेड लावते तिच्यातली निम्मी धिटाई या उठण्याच्या खात्रीतून आलेली आहे.

पण संजीवनीतही कोण उठणार, कधी उठणार, यावर बारीक कलमं आहेत, आणि खरी मारामारी तिथंच. बाद गड्यांनी ज्या क्रमानं मेले त्याच क्रमानं बसायचं आणि त्याच क्रमानं उठायचं. गावातल्या संघांना हे कधी पचलं नाही. कप्तानाचं म्हणणं, उठवायचा कोण ते मी ठरवणार. पंचाचं म्हणणं, रांगेत पहिला बसलाय तोच उठणार. मी पंच असताना बाद गड्यांच्या जागेवर एक डोळा कायम ठेवायचो, कारण पोरं बसल्या बसल्या सरकत जागा बदलायची आणि तिसरा मेलेला अलगद पहिल्या जागी यायचा. दुसरं कलम बोनसचं. चढाईवाल्यानं बोनस रेषा ओलांडली तर गुण मिळतो, पण त्या गुणावर मेलेला उठत नाही. फळ्यावर गुण वाढतो आणि मैदानात गडी वाढत नाही, हे बघणाऱ्यांना पटवून देताना घसा बसायचा. "गुण देलात, मग गडी का देईनात?" हा प्रश्न मी ऐकला नाही असा एक मोठा सामना आठवत नाही. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा आणखी एक फाटा फुटला. मैदानात तीन किंवा कमी बचावपटू असताना त्यांनी चढाईवाला पकडला तर दोन गुण, पण उठणार एकच.

आणि क्रमानं उठण्याच्या या नियमातून डावपेचही निघाले. समोरचा हुकमी चढाईवाला मरून रांगेत मागं बसला असेल तर शहाणा संघ शेवटच्या एका गड्याला मुद्दाम लवकर मारत नाही. लोण दिला की सगळे उठतील आणि तोही उठेल. त्यापेक्षा एकाला जिवंत ठेवून मिनिटं काढायची. उलट ज्याचा संघ जवळजवळ संपलाय तो शेवटच्या गड्याला सांगतो, जा, मरून ये, दोन गुण गेले तर गेले, सगळे उठू. आबांना हे सांगितलं असतं तर त्यांनी खेळ सोडून दिला असता.

संजीवनी हे नाव ज्या कथेवरून आलं ती घराघरात ठाऊक आहे. शुक्राचार्य मेलेल्या दैत्यांना उठवत होते आणि देवांचे मेलेले उठत नव्हते. देव हरत होते ते त्यामुळं. मग बृहस्पतीच्या मुलाला, कचाला, विद्या शिकायला पाठवलं. माझ्या दृष्टीनं ती नियमांच्या असमतोलाची तक्रार होती, आणि तक्रार रास्त होती. उठायचं तर दोन्हीकडचे उठोत, बसायचं तर दोन्हीकडचे बसोत. आमच्या गावात याच तत्त्वावर तडजोडी निघाल्या. जत्रेच्या सामन्यात पहिला लोण बसवून, पुढचे उठवून. एखाद्या गावात दोन मारले तर एक उठणार. एका गावात पकडीवर उठायचं, हाताच्या गुणावर नाही. पुस्तकात यातलं काही सापडणार नाही, पण खेळ सुरू होण्याआधी दोन म्होरके उकिडवे बसून हे ठरवायचे, आणि ठरलेलं सहसा मोडत नसत. अमर मात्र आमच्याकडं कुणी मनावर घेतलं नाही. पंजाबातल्या गोल मैदानातल्या कबड्डीत गडी मैदानाबाहेर बसवत नाहीत, गुण घेऊन पुढं जातात. इथं ते सांगितलं तर पोरं म्हणतात, मरायचंच नाही तर दम कशाला घ्यायचा?

हे भांडण फक्त मातीतल्या खेळाचं असावं असा माझा समज नव्हता, पण ते पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये सापडेल असंही वाटलं नव्हतं. माझा भाचा तिथं संगणकाच्या नोकरीत आहे. सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडं चार-पाच जण टेबलाभोवती बसून डंजन्स अँड ड्रॅगन्स नावाचा खेळ खेळतात. एकजण सूत्रधार, बाकीचे कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी जखमा बऱ्या करणारा पुरोहित. प्रत्येकाच्या जिवाचे गुण कागदावर लिहिलेले, वार लागला की कमी होणार, आणि निकाल वीस बाजूंच्या फाशावर. मी गेलो त्या दिवशी सगळे तावातावानं बोलत होते. जखमी योद्धा एका रात्रीच्या झोपेनं ठणठणीत व्हावा की नाही, यावर.

भाच्यानं मला इतिहास सांगितला. हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकनांनी १९७४ ला बाजारात आणला. सत्तरच्या दशकातल्या नियमांत जखमी गड्याला विश्रांतीच्या एका दिवसाला एखादाच गुण परत मिळायचा. पुरोहित सोबत नसेल तर आठवडेच्या आठवडे पडून राहायचं. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत आणि २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत रात्रभर झोपलं की सगळे गुण भरून येतात. जुनी मंडळी म्हणतात, यानं मरणाची भीती गेली. नवी म्हणतात, पडून राहणं म्हणजे काय खेळणं आहे का? आणि २०१४ च्याच सूत्रधाराच्या पुस्तकात एक ऐच्छिक नियमही दिलाय. ज्याला कठोर खेळ हवा त्यानं एका रात्रीची झोप ही छोटी विश्रांती धरावी आणि मोठ्या विश्रांतीला सात दिवस लावावेत.

मी म्हणालो, "अरे, हे तर संजीवनी आणि गामिनी." भाचा म्हणाला, "मामा, तुम्हाला सगळीकडं कबड्डीच दिसते." मग मी त्याला एकच विचारलं, "तुम्ही भेटता कधी?" महिन्यातून एकदा, तेही चार तास, असं उत्तर आलं. ज्याला सात दिवसांचा नियम हवा होता तो पोरगा पूर्वी कॉलेजच्या होस्टेलवर रोज रात्री खेळायचा. त्याच्याकडं तेव्हा आबांसारख्या रात्रीच्या रात्री होत्या. आता ज्याचा योद्धा पहिल्या तासात पडला त्यानं उरलेले तीन तास चिवडा खात बसायचं. हे मी सांगितल्यावर त्यांचं भांडण मिटलं असं नाही, पण निदान ते वेळेवर बोलायला लागले.

माझी बाजू कोणती, असं कुणी विचारलं तर मी शाळेत कायम संजीवनीच खेळवली, आणि त्याचं कारण मुलींचा संघ. महिलांचं मैदान लहान, १२ बाय ८ मीटर. मुलींना पहिल्यांदा मैदानात उतरवलं तेव्हा एक सडपातळ पोरगी प्रत्येक डावात सगळ्यांत आधी मरायची. गामिनी असती तर ती चारदा बसली असती आणि पाचव्यांदा आलीच नसती. संजीवनीत ती दर सामन्याला सात-आठ वेळा उठायची. प्रत्येक वेळी उठून डाव्या कोपऱ्यात उभी राहायची आणि चढाईवालीचा पुढचा पाय कधी जमिनीवर टेकतो ते बघायची. दिवाळीनंतर तिनं पहिला घोटा पकडला. दुसऱ्या वर्षी जिल्ह्याच्या सामन्यात समोरच्या संघाची कप्तान आपल्या मुलींना ओरडून सांगत होती, त्या कोपऱ्याकडं जाऊ नका.

असं असलं तरी गामिनी चुकीची, असं मी म्हणणार नाही. शेतीची कामं उरकलेल्या, घड्याळ नसलेल्या आणि सगळे एकाच गावचे असलेल्या लोकांचा तो खेळ होता. त्यांच्याकडं बसून बघायला वेळ होता, आणि एकट्या गड्यासाठी श्वास रोखून धरणारे सहा जण बाजूला असणं हाही त्यांच्या करमणुकीचा भाग होता. आज सोयाबीन काढून पोरगं रात्री नांदेडच्या नाहीतर हैदराबादच्या गाडीत बसतं. त्याला खेळायला एक तास मिळतो. त्या तासात ते बसून राहिलं तर पुन्हा येणार नाही.

म्हणून नव्या पंचांना मी एवढंच सांगतो. भांडण सुरू झालं की पुस्तक काढून दाखवू नका. पुस्तक दोन्ही बाजूंना पाठ असतं. आधी विचारा, वेळ किती आहे, आणि बसून राहिलेल्या गड्याला उद्या परत बोलवायचंय की नाही. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की उठवायचं की बसवायचं ते मैदानावरचे लोक आपोआप ठरवतात. मग चुना मारा आणि नाणं उडवा.